ट्रुमनचे पहिले चार महिने : निर्णय नक्की कुणाचे?

आडवाट

ट्रुमनची गोष्ट आपल्याकडे एका ठरलेल्या चालीत म्हटली जाते. मिसुरीतला साधासुधा गृहस्थ, कॉलेजची पदवी नाही, कॅन्सस सिटीतलं टाय-शर्टांचं दुकान १९२२ मध्ये बुडालेलं, उपराष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम ८२ दिवस झालेले. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले, सगळं याच्या अंगावर पडलं, आणि पठ्ठ्याने चार महिन्यांत युद्ध संपवून दाखवलं.

मला यातलं शेवटचं वाक्य खटकतं. त्या चार महिन्यांत त्याच्या नावावर जमा असलेले बहुतेक निर्णय आधीच ठरलेले होते, निम्म्यांची अंमलबजावणीही चालू होती. त्याने चालत्या गाडीला ब्रेक लावला नाही, एवढंच. आणि जिथे स्वतः स्टिअरिंग धरलं तिथे गाडी घासली.

तर प्रश्न असा : १२ एप्रिल ते १४ ऑगस्ट या काळात अस्सल ट्रुमनचा म्हणावा असा निर्णय कोणता? आणि जोडप्रश्न : आपल्याकडे उद्या अशी वेळ आली तर काय होतं?

एकच विनंती. "धीराचा होता", "मातीतला माणूस होता" नको. तारीख, कागद, सही यावर बोलूया.

टंकनखिळा

आधी ती संध्याकाळ नीट मांडून घेतो, म्हणजे पुढचं भांडण जमिनीवर राहील.

दुपारी ट्रुमन सिनेटच्या अध्यक्षस्थानी होता. खाली भाषण चाललेलं आणि हा वर बसून आईला आणि बहिणीला पत्र लिहितोय. कामकाज संपल्यावर प्रतिनिधिगृहाचे सभापती सॅम रेबर्न यांच्या खासगी खोलीत गेला. तिथे निरोप : व्हाइट हाउसचा सचिव स्टीव्ह अर्ली याला ताबडतोब फोन करा. फोनवर एवढंच सांगितलं गेलं की व्हाइट हाउसला लगेच या. साडेपाचच्या आसपास पोचला तेव्हा एलिनॉर रूझवेल्टनी बातमी दिली. तिकडे जॉर्जियात वॉर्म स्प्रिंग्जला मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले होते.

७ वाजून ९ मिनिटांनी मंत्रिमंडळाच्या खोलीत सरन्यायाधीश हार्लन स्टोन यांनी शपथ दिली. बायबल शोधण्यात वेळ गेला. स्टोन यांनी 'हॅरी शिप ट्रुमन' असं नाव घेतलं, याने ते 'हॅरी एस. ट्रुमन' असं दुरुस्त केलं. तो एस कशाचाही नाही, नुसताच एस आहे.

मग लगेच छोटी बैठक. पहिला प्रश्न : २५ एप्रिलची सॅन फ्रान्सिस्को परिषद (ज्यातून पुढे संयुक्त राष्ट्रसंघ उभा राहिला) होणार की पुढे ढकलायची? "होणार". दुसरं : मंत्र्यांनी जागेवर राहावं. बैठक मोडल्यावर युद्धमंत्री स्टिमसन मागे रेंगाळले आणि दोन-चार वाक्यांत सांगून गेले की अफाट ताकदीच्या एका नव्या स्फोटकाचं काम चालू आहे, तपशील नंतर.

पहिल्या रात्रीची शिदोरी एवढीच.

झपताल

शेंगदाणे घेऊन बसलो आहे. चालू द्या.

रेघोट्या

टंकनखिळा, पुढचा दिवसही जोडा, तो जास्त मजेशीर आहे. १३ एप्रिलला सकाळी स्टिमसन, नौदलमंत्री फॉरेस्टल, लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल, नौदलप्रमुख किंग, राष्ट्राध्यक्षांचा लष्करी सल्लागार लेही अशी सगळी बडी मंडळी नव्या साहेबांना युद्धस्थिती सांगायला आली. त्यांचा अंदाज : जर्मनीला आणखी किमान सहा महिने, जपानला दीड वर्ष.

जर्मनी २५ दिवसांत कोसळला. जपान चार महिन्यांत.

"नवख्या माणसाने तज्ज्ञांचं ऐकावं" हे सांगणं सोपं असतं, पण इथे खोलीतल्या सगळ्यांत अनुभवी लोकांचा अंदाज जर्मनीबाबत सातेक पटींनी आणि जपानबाबत चार-साडेचार पटींनी चुकला होता. जर्मनी सहा महिने टिकेल असं धरलं की सगळं नियोजन त्या वेळापत्रकावर बेतलं जातं : रशियाला जाणारी रसद, युरोपातलं सैन्य पॅसिफिककडे हलवणं, पोलंडची वाटाघाट. मग अचानक मे महिन्यातच युरोपातलं युद्ध संपतं आणि टेबलावर अर्धवट कागद पडलेले असतात. पुढची एक मोठी चूक यातूनच झाली. टंकनखिळा सांगेलच, त्याचा आवडता विषय आहे.

खमंग_काकडी

आडवाट, मुद्दा रंगतदार आहे पण पाया कच्चा वाटतो. "ब्रेक लावला नाही" हाही निर्णयच. ब्रेकवर पाय ठेवायचा अधिकार देशात एकाच माणसाला होता. अणुबाँब टाकणं हा ट्रुमनचा निर्णय होता, त्याने तो स्वतः आयुष्यभर आपलाच म्हणून सांगितला. जबाबदारी घेणाऱ्याला तुम्ही कारकून ठरवताय.

आडवाट

@खमंग_काकडी, कारकून म्हणत नाही. पण मला तो आदेश दाखवा ज्यावर ट्रुमनची सही आहे आणि ज्यात लिहिलंय की बाँब टाका.

खमंग_काकडी

३१ जुलै १९४५, बर्लिनजवळचं पॉट्सडॅम, तिथे स्टालिन आणि ब्रिटिश पंतप्रधानांबरोबर परिषद चाललेली. ट्रुमनच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, स्टिमसनला. "तयार झालं की सोडा, पण २ ऑगस्टच्या आधी नको." घ्या.

धातुशोधक

खमंग_काकडी, या चिठ्ठीने भलेभले फसलेत. ती बाँबबद्दल नाही. बाँब पडल्यावर वृत्तपत्रांना द्यायचं जे निवेदन होतं, त्याच्या सुधारित मसुद्याला स्टिमसनने मंजुरी मागितली होती. त्याच तारेच्या मागे ट्रुमनने पेन्सिलीने हे उत्तर लिहिलं. 'सोडा' म्हणजे पत्रक सोडा. २ ऑगस्ट अशासाठी की त्या दिवशी तो पॉट्सडॅमहून निघणार होता आणि स्टालिन शेजारी असताना प्रश्नोत्तरं नको होती.

खरा आदेश २५ जुलैचा. तो हँडी या जनरलने (मार्शल पॉट्सडॅमला असल्याने तो त्याच्या जागी होता) पॅसिफिकमधल्या बाँबफेकी हवाई दलाचा प्रमुख स्पाट्झ याच्या नावे काढला. मसुदा अणुबाँब प्रकल्पाचा प्रमुख ग्रोव्ह्ज याचा, मान्यता स्टिमसन आणि मार्शल यांची. आदेश दीड पानाचाही नाही. सारांश : ३ ऑगस्टच्या सुमारास, डोळ्यांनी लक्ष्य दिसेल असं हवामान मिळताच, पहिला खास बाँब हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी यांपैकी एकावर टाका. पुढचं कलम महत्त्वाचं : त्यानंतरचे बाँब जसजसे तयार होतील तसतसे याच यादीवर टाकत जा.

म्हणजे एका आदेशात एक बाँब नाही, अख्खी रांग मंजूर झाली. दुसऱ्या बाँबसाठी वेगळी परवानगी कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही. तो मुळात ११ ऑगस्टला ठरला होता. पुढे हवा बिघडणार असा अंदाज आला म्हणून पॅसिफिकमधल्या मॅरियाना बेटांवरच्या (विमानं तिथूनच उडत) लोकांनीच तो ९ तारखेला ओढून घेतला. ९ तारखेला कोकुरावर ढग-धूर होता म्हणून विमान नागासाकीला वळलं. या दोन्ही वळणांवर वॉशिंग्टनला विचारलंच गेलं नाही.

हे असं का झालं? वेग ठरवणारी गोष्ट राजकारण नव्हती, माल होता. हिरोशिमाच्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं, तोफेसारखी रचना, आधी चाचणीसुद्धा न केलेली, आणि लगेच दुसरा करण्याइतकं युरेनियम शिल्लक नव्हतं. नागासाकीच्या प्रकारात सहा किलोंच्या आसपास प्लुटोनियम लागायचं, तो प्रकार १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तपासला होता. त्यामुळे प्लुटोनियम जसजसं येईल तसतसा पुढचा बाँब. कारखाना चालू आहे, माल येतोय, आदेशात 'जसजसे तयार होतील' लिहिलंय. मध्ये कुणाची सही लागेल अशी खिटीच ठेवलेली नव्हती.

झपताल

'तयार झालं की सोडा' ही चिठ्ठी पत्रकाची निघाली! काकडी कोशिंबिरीत गेली.

खमंग_काकडी

चिठ्ठीपुरती हार मान्य. धातुशोधक, दुरुस्तीबद्दल आभार. मूळ मुद्दा सोडत नाही. २५ एप्रिलला स्टिमसन आणि ग्रोव्ह्जनी त्याला पूर्ण कल्पना दिली होती ना? त्या दिवसानंतर "मला माहीत नव्हतं" संपलं.

धातुशोधक

दिली होती, पण कशी तेही बघा. ग्रोव्ह्जला पत्रकारांच्या नजरेस पडू नये म्हणून आडदरवाज्याने आत आणलं. मार्शल मुद्दाम आला नाही, सगळे एकत्र दिसले तर कुजबुज होईल म्हणून. ग्रोव्ह्जचा अहवाल २४ पानांचा. एकूण बैठक पाऊण तासाची. दोन अब्ज डॉलरचा प्रकल्प, तीन वर्षांचं काम, चार महिन्यांत शस्त्र हाती येणार, आणि हे सगळं पाऊण तासात! त्यातून काय निघालं? एक समिती. त्या समितीने १ जूनला शिफारस केली की बाँब शक्य तितक्या लवकर, पूर्वसूचना न देता वापरावा. पाऊण तासात 'वापरायचा का' हा प्रश्न कुणी मांडलाच नाही, 'कसा हाताळायचा' एवढाच मांडला.

पाटलीणबाई

मला यातली सगळ्यात कडू गंमत वेगळीच वाटते. १९४३ मध्ये सिनेटर ट्रुमन युद्धखर्चातली उधळपट्टी शोधणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता. वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को गावाजवळ कसला तरी प्रचंड कारखाना उभा राहतोय, हिशोब लागत नाही, म्हणून चौकशी सुरू केली. १७ जून १९४३ ला स्टिमसनने फोन करून सांगितलं की त्या भानगडीत पडू नका, हे खास काम आहे. ट्रुमन म्हणाला, ठीक, सोडलं. तो हॅनफर्डचा प्लुटोनियम कारखाना. दोन वर्षांनी त्याच कारखान्याचा माल याच्या नावाने पडला.

@टंकनखिळा, रेघोट्यांनी उल्लेख केलेली चूक येऊ द्या.

टंकनखिळा

आलोच. लेंड-लीज.

अमेरिका मित्रदेशांना उधारीवर युद्धसामग्री देत होती, त्यात रशियाही होता. कायद्यात अट अशी की हा माल युद्धासाठी, युद्धानंतरच्या पुनर्बांधणीसाठी नाही. जर्मनी शरण आला आणि प्रश्न उभा राहिला की आता रशियाची रसद चालू ठेवायची का. अडचण ही की रशिया पुढे जपानविरुद्ध उतरणार होता, म्हणून त्या आघाडीचा माल चालू राहायला हवा होता.

मे महिन्यात क्राउली (रसद खात्याचा प्रमुख) आणि ग्रू (हंगामी परराष्ट्रमंत्री) एक आदेश घेऊन आले. म्हणाले, रूझवेल्टनी याला मान्यता दिली होती, सही मात्र राहून गेली. ट्रुमनने पेन उचललं आणि न वाचता सही ठोकली. हे त्याचं स्वतःचं कथन आहे, कुणी मागून केलेला आरोप नाही.

मग खालच्या अधिकाऱ्यांनी आदेश शब्दशः राबवला. बंदरात माल चढवणं थांबलं, समुद्रात असलेली जहाजंही माघारी बोलावली. रशिया खवळला, ब्रिटनही हबकला. एक-दोन दिवसांत आदेश सैल करावा लागला, जहाजं पुन्हा मार्गाला लागली. पण मेअखेर रूझवेल्टचा जुना विश्वासू हॉपकिन्स मॉस्कोला गेला तेव्हा स्टालिनने हे प्रकरण पहिल्या तक्रारींत काढलंच.

बिघाड कुठे झाला? नवखा माणूस "आधीच्या साहेबांनी मान्य केलं होतं" या वाक्यापुढे निहत्ता असतो. तपासणार कसं? रूझवेल्टची पद्धत अशी की एका खात्याला एक सांगायचं, दुसऱ्याला दुसरं, आणि पूर्ण चित्र फक्त स्वतःच्या डोक्यात. ते डोकं गेलं. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत रूझवेल्टनी रशियाशी नक्की काय कबूल केलं हे शोधायला ट्रुमनला जेम्स बर्न्सवर अवलंबून राहावं लागलं, कारण बर्न्स तरुणपणी कोर्टात लघुलेखक होता आणि त्याने याल्टात स्वतःपुरती लघुलिपीत टिपणं काढली होती. तीही अपुरी. काही बैठकांना तो नव्हता, आणि परिषद संपण्याआधी निघालाही होता.

झपताल

कोऱ्या कागदावर अंगठा. सोसायटीचे सेक्रेटरी हे वाचत असतील तर त्यांनी मनावर घेऊ नये.

रेघोट्या

टंकनखिळा, 'निहत्ता' काय! मराठीत 'निःशस्त्र' आहे, 'हातात काही नसलेला' आहे. बाकी प्रतिसाद झकास.

टंकनखिळा

मान्य. हिंदी बातम्यांचा परिणाम.

कलम७४

आडवाटच्या जोडप्रश्नाकडे येतो, तो मागे पडलाय.

अमेरिकेत पद रिकामं होत नाही. राष्ट्राध्यक्ष गेला की उपराष्ट्राध्यक्ष. मात्र ट्रुमनच्या वेळी मोठी फट होती : उपराष्ट्राध्यक्षाची रिकामी जागा भरायची सोयच नव्हती. २० जानेवारी १९४९ पर्यंत जवळपास पावणेचार वर्षं देशाला उपराष्ट्राध्यक्ष नव्हता. तेव्हाच्या १८८६ च्या कायद्याने पुढचा क्रमांक परराष्ट्रमंत्र्याचा. म्हणजे ट्रुमनला काही झालं असतं तर कधीच कुठली निवडणूक न लढलेला स्टेटिनियस राष्ट्राध्यक्ष झाला असता. बर्न्सला जुलैत परराष्ट्रमंत्री करण्यामागे हेही एक कारण. १९४७ च्या कायद्याने सभापती वर आला. रिकामी जागा भरायची सोय १९६७ च्या २५ व्या दुरुस्तीने झाली. १९४९ पासून उपराष्ट्राध्यक्ष राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा कायद्याने सदस्य आहे, ट्रुमनच्या आंधळ्या कोशिंबिरीनंतरच.

आपल्याकडे? घटनेत 'हंगामी पंतप्रधान' हा शब्दच नाही. कलम ७४ म्हणतं मंत्रिमंडळ असेल आणि त्याचा प्रमुख पंतप्रधान. कलम ७५ म्हणतं पंतप्रधान राष्ट्रपती नेमतील. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की मंत्रिमंडळाविना राष्ट्रपतींनी कारभार करायचा, असा काळ घटनेला मान्य नाही. म्हणजे खुर्ची काही तासांत भरायलाच हवी, आणि जो शपथ घेतो तो कायद्याच्या नजरेत पूर्ण पंतप्रधान. हंगामी हे विशेषण वर्तमानपत्रांचं आणि सौजन्याचं.

नेहरू गेल्यावर आणि शास्त्री गेल्यावर गुलझारीलाल नंदा दोनदा असे बसले. २७ मे १९६४ ते ९ जून १९६४, आणि ११ जानेवारी ते २४ जानेवारी १९६६. दोन्ही वेळा १३ दिवस.

पाटलीणबाई

नंदा दुसऱ्या क्रमांकावर आले कसे हेही लिहा. १९६३ मध्ये कामराज योजनेत (मंत्रिपद सोडून पक्षाचं काम करा, अशी ती योजना) मोरारजी, शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील वगैरे वजनदार मंत्री बाहेर पडले. शास्त्रींचं गृहखातं नंदांकडे आलं, म्हणून नेहरू गेले तेव्हा तेच ज्येष्ठ होते. चाल वेगळ्याच हेतूची होती, सोंगटी भलत्याच घरात पोचली.

खमंग_काकडी

पण नंदांना संकटातून देश नेणारा म्हणता येईल का? १३ दिवसांत त्यांनी काहीच केलं नाही.

कलम७४

तेच तर त्यांचं काम होतं. १९६४ मध्ये खरी वाटाघाट काँग्रेस अध्यक्ष कामराज करत होते, एकेका खासदाराला भेटून. २ जूनला शास्त्रींची एकमताने निवड झाली. नंदांनी त्या आठवड्यात काही मोठं करायला घेतलं असतं तर ते आपली उमेदवारी पुढे रेटतायत असाच अर्थ निघाला असता. १९६६ मध्ये तर मतदानच झालं, इंदिरा गांधी ३५५, मोरारजी १६९. तोवर खुर्ची हलू न देणं हेच काम.

आणि काळजीवाहू म्हणजे हात बांधलेला, हाही भ्रम. मे १९९१ आठवा. चंद्रशेखर सरकारने मार्चमध्येच राजीनामा दिलेला, निवडणुका चाललेल्या. त्याच सरकारच्या काळात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेलं, परत विकत घेण्याच्या अटीवर, आणि २० कोटी डॉलर उभे राहिले. काळजीवाहू सरकारने घेतलेला याहून मोठा निर्णय दाखवा.

अवांतर : १९८४ मध्ये ज्येष्ठाला हंगामी म्हणून बसवण्याची ही रीत पाळली गेली नाही. झैलसिंग येमेनहून परतले आणि त्याच संध्याकाळी राजीव गांधींना थेट शपथ दिली.

नागपुरी_संत्रं

अवांतरात आमच्या गावाची भर. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरी हंगामी झाले, मग निवडणूक लढवायला त्यांनीही राजीनामा दिला. त्याआधीच्या दिवशी, १९ जुलैला, बँक राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही करून गेले! मग २० जुलै ते २४ ऑगस्ट सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपती. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. त्या पस्तीस दिवसांत राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर सही केली आणि निक्सनचं दिल्लीत स्वागतही केलं.

आणि नरसिंह राव विसरू नका. रामटेकहून १९८४ आणि १९८९ असे दोनदा निवडून आले. १९९१ ला निवडणूकच लढवली नव्हती, हैदराबादला परतायच्या तयारीत होते. २१ मेला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या, २१ जूनला हे पंतप्रधान. तिजोरीत दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन.

रेघोट्या

नरसिंह रावांची तुलना ट्रुमनशी अगदी चपखल बसते, कारण इथेही कागद तयार होता. शपथेआधीच कॅबिनेट सचिव नरेश चंद्रांनी परिस्थितीचं टिपण हातात ठेवलं. अर्थ मंत्रालयात आणि रिझर्व्ह बँकेत उपायांचे मसुदे आधीपासून होते, नव्हती ती राजकीय सही. पण रावांनी एक गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली : अर्थखातं राजकारण्याला दिलं नाही. आधी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेलांना विचारलं, ते नको म्हणाले, मग मनमोहन सिंग.

अवमूल्यन दोन टप्प्यांत केलं, १ जुलैला नऊएक टक्के, ३ जुलैला अकराएक. दोन टप्पे अशासाठी की पहिल्याने बाजाराचा कौल घ्यायचा. धोका असा की पहिल्यानंतर दुसरा येणार हे बाजाराने ओळखलं तर सगळे डॉलर दाबून बसतात, म्हणून मधली फट लहान हवी. आणि झालं काय, ३ तारखेला सकाळी राव कचरले, दुसरा टप्पा थांबवा म्हणाले. मनमोहन सिंगांनी मुंबईला रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर रंगराजन यांना फोन केला. नवे दर नऊ वाजताच जाहीर झाले होते.

धातुशोधकांची खिटी आठवली. इथेही ब्रेक दाबला तोवर गाडी पुढे गेलेली.

मुळामुठा

तीन पानं झाली आणि अजून यशवंतराव आले नाहीत? हा मराठी मंच आहे ना?

झपताल

"हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" या वाक्याची वाटच बघत होतो. धावला खरा, पण २१ नोव्हेंबर १९६२ ला संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली आणि त्याच दिवसापासून चीनने एकतर्फी शस्त्रसंधी केली. सह्याद्रीला घाबरले म्हणायचं.

मुळामुठा

हलकं घेतलं, पण खरं काम त्यानंतरच होतं. यशवंतराव राष्ट्रप्रमुख नव्हते, तरी धाग्याच्या प्रश्नात नीट बसतात. मुख्यमंत्रिपदाचा अनुभव, संरक्षणाचा शून्य. आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेलेले, लष्करप्रमुख थापर गेलेले, त्यांच्या जागी जनरल चौधरी. आणि वारशात कागद काय मिळाले? मेनन यांच्या दालनातल्या बैठकांची इतिवृत्तंच ठेवली जात नसत, पराभवाच्या चौकशीत हे नोंदलं गेलं. कुणी कुठली चौकी पुढे न्यायला सांगितली, कुणी विरोध केला, लेखी काही नाही. टंकनखिळांनी सांगितलेल्या याल्टाचीच आवृत्ती, फरक इतकाच की इथे लघुलेखक बर्न्ससुद्धा नव्हता.

यशवंतरावांनी तिन्ही दलप्रमुख आणि सचिवांबरोबर रोज सकाळच्या बैठका सुरू केल्या. साधी गोष्ट, पण त्यामुळे एकाला एक, दुसऱ्याला दुसरं हा प्रकार बंद झाला. मग पाच वर्षांची संरक्षण योजना : सव्वाआठ लाखांचं सैन्य, डोंगरी लढाईच्या दहा डिव्हिजन, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, दुपारी चारच्या सुमारास हवाई दलप्रमुख अर्जनसिंग विमानं वापरायची परवानगी मागायला आले, यशवंतरावांनी मिनिटांत दिली. पाच वाजून वीस मिनिटांच्या आत विमानं हवेत. १९६२ मध्ये हवाई दलाची लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. तयारीला पावणेतीन वर्षं मिळाली, ट्रुमनला ८२ दिवस, हे मान्य.

पाटलीणबाई

तयार माणूस बघायचा तर पॉट्सडॅमलाच होता की, ब्रिटनच्या मजूर पक्षाचा नेता अ‍ॅटली. १९४२ पासून उपपंतप्रधान, युद्धमंत्रिमंडळाचं कामकाज आतून बघितलेला. निवडणुकीचा निकाल यायचा होता, तर चर्चिलने त्याला पहिल्या दिवसापासून परिषदेला सोबत नेलं, न जाणो हाच पंतप्रधान झाला तर! आणि झालाच. २८ जुलैला परत आला आणि त्याच टेबलावर नुसती खुर्ची बदलून बसला. कामात खंड नाही. चर्चिल आणि रूझवेल्ट, दोघांनाही संभाव्य उत्तराधिकारी माहीत होता, चर्चिलने सोबत नेला, रूझवेल्टने ८२ दिवसांत मंत्रिमंडळाबाहेर दोनदा भेट दिली.

झपताल

आणि तिसऱ्या खुर्चीवर स्टालिन. २४ जुलैला ट्रुमनने त्याला सहज सांगितल्यासारखं सांगितलं की आमच्याकडे एक जबरदस्त नवं अस्त्र आहे. स्टालिनने मान डोलावली. त्याला हेरांकडून ट्रुमनच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं!

खमंग_काकडी

माझं उत्तर देतो आणि थांबतो. आडवाटला सही हवी होती, तर १८ जूनची बैठक घ्या. जपानच्या क्युशू बेटावर १ नोव्हेंबरला उतरायची योजना, ७,६६,७०० माणसं. ट्रुमनने बैठकीआधीच लेहीमार्फत कळवलं की मला माणसांच्या हानीचे अंदाज हवेत, पर्यायांची तुलना हवी. प्रत्येक सेनाप्रमुखाला समोर विचारलं, मग क्युशूला मंजुरी दिली आणि टोकियोच्या चढाईचा अंतिम निर्णय राखून ठेवला. लेंड-लीजनंतर महिनाभरात. न वाचता सही करणारा माणूस आता आधी प्रश्न पाठवतोय. हा निर्णय त्याचाच.

आडवाट

हे मान्य. १८ जून माझ्या यादीत नव्हतं, घेतो.

माझ्याकडून एक देतो. १० ऑगस्ट. ग्रोव्ह्जने मार्शलला कळवलं की पुढचा बाँब १७-१८ ऑगस्टनंतर चांगली हवा मिळताच टाकता येईल. त्याच कागदावर मार्शलच्या अक्षरात ओळ आहे : राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय जपानवर टाकायचा नाही. २५ जुलैच्या आदेशात नसलेली खिटी दोन शहरं गेल्यावर अशी बसली. त्याच दिवशी मंत्रिमंडळात ट्रुमन म्हणाला की आणखी एक लाख माणसं मारायची, त्यात ती सगळी लहान मुलं, ही कल्पना सहन होत नाही.

ही नोंद कुणाच्या डायरीत सापडते? हेन्री वॉलेसच्या. वॉलेस आधीचा उपराष्ट्राध्यक्ष. १९४४ मध्ये त्याला बाजूला करून ट्रुमनला घेतलं. आणि वॉलेसला बाँबबद्दल १९४१ पासून माहीत होतं, रूझवेल्टने नेमलेल्या सर्वोच्च गटात तो होता. १२ एप्रिलला शपथेच्या वेळी तो त्याच खोलीत उभा होता, वाणिज्यमंत्री म्हणून.

कलम७४

तुमच्या जोडप्रश्नाचं राहिलेलं शेपूट : ४ जानेवारी २००३ ला आपल्याकडे अण्वस्त्र आदेश यंत्रणा जाहीर झाली तेव्हा पत्रकात होतं की प्रत्युत्तराच्या हल्ल्यासाठी पर्यायी आदेशसाखळ्याही मंजूर केल्या आहेत. नावं अर्थातच नाहीत.

झपताल

शेंगदाणे संपले. धागा वाचनखुणांत साठवला.